आमि : ढाक्यातलं बांगला टायपिंग आणि मुक्तो-मना

ही बोटं बघा. ए, एम, आय अशी तीन रोमन अक्षरं दाबली की स्क्रीनवर बांगलात 'आमि' उमटतं, आमि म्हणजे मी. आपण मोबाइलवर मराठी टाइप करतो ना, अगदी तसंच, पण 2003 ला हे फुकटात मिळणं म्हणजे मोठीच गोष्ट होती. मेहदी हसन खान नावाच्या मेडिकलच्या पोराने 'अभ्र' कीबोर्ड काढला आणि बांगला टायपिंग न शिकलेला माणूससुद्धा धडाधड लिहायला लागला. मग काय, रात्र रात्र भांडणं, क्रिकेटवरून, 1971 च्या युद्धावरून, आणि हो, धर्मावरून.

मुक्तो-मना त्याच्याही आधीचं. 2001 ला अभिजित रॉय आणि मित्रांचा याहू ग्रुप, मग त्याची साइट. अभिजित इंजिनियर, वडील अजय रॉय ढाका युनिव्हर्सिटीत फिजिक्सचे प्रोफेसर. विश्वाची उत्पत्ती, उत्क्रांती, समलैंगिकता, कुराण-हदीसची चिकित्सा, सगळं साध्या बांगलात. इस्लामविरोधी साइट म्हणून शिक्का बसला, पण याच अभिजितने विवेकानंदांवरही सडकून लिहिलंय, त्याचं काय करायचं? इंग्रजीत लिहीत बसले असते तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. गल्लीतल्या पोराला वाचता यायला लागलं, तिथे दुखलं.

हा ढाक्यातला शाहबागचा चौक, फेब्रुवारी 2013. 1971 च्या युद्धगुन्हेगारांना फाशी द्या म्हणत ब्लॉगर रस्त्यावर उतरले, दहा दिवसांत त्यांच्यातला राजीब हैदर मीरपूरला घराजवळ मारला गेला. मग कट्टरपंथीयांची 84 'नास्तिक' ब्लॉगरांची यादी सरकारकडे पोचली, आणि सरकारने काय केलं, तर चार ब्लॉगरांनाच उचललं.

आणि हा पुस्तकमेळा. केवढी गर्दी आहे बघा, फेब्रुवारीभर असाच चालतो. 26 फेब्रुवारी 2015 ला रात्री अभिजित आणि बायको राफिदा अहमद बोन्या इथूनच परत निघाले होते. वाटेत दोघांवर चापातीने हल्ला झाला, अभिजित गेला. चापाती ऐकून आपल्याला पोळी आठवते, बांगलात मात्र चापाती म्हणजे कोयता.

बोन्या वाचल्या. त्याच वर्षी ब्लॉगर वाशिकुर, अनंत बिजय दास, निलॉय, प्रकाशक दीपन, सगळे असेच मारले गेले. अभिजितच्या खुनाचा निकाल 2021 ला, पाच जणांना फाशी.

ही टीएससीजवळची, म्हणजे ढाका युनिव्हर्सिटीच्या टीचर-स्टुडंट सेंटरजवळची फूटपाथ, हल्ला झाला ती. इथे कॅमेरा थोडा वेळ तसाच ठेवलाय. रिक्षांच्या घंट्या, चहावाला, मेळ्यातून पुस्तकांच्या पिशव्या घेऊन निघालेली पोरं.