सेट लागला, नाटक बसलं

(दृश्य: देवळाच्या प्रांगणातला रंगमंच. हातोडीचे ठोके.)

गोव्यातला फोंडा तालुका. कार्तिक लागला की इथल्या देवळांतून जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि जत्रा म्हटली की नाटक आलंच. पालखी देवळात परतली की रात्री उशिरा पडदा वर जाईल. नाटक मराठी, पडद्यामागची धावपळ कोकणीत. कुणीतरी विंगेतून विचारतो, "सेट लागलो?" चौकटीजवळ उकिडवा बसलेला सुतार मान वर न करता सांगतो, "दार बसना."

दार प्लायवूडचं आहे. दुसऱ्या अंकात नायिका ते धाडकन लावून घेते, म्हणजे ते अडकून चालणार नाही आणि आपोआप उघडूनही चालणार नाही. सुतार कडेवर रंधा फिरवतो, बिजागरीखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवतो, चौकटीमागे पाचर ठोकतो. पुन्हा लावून बघतो. बसलं.

सेट हा शब्द इंग्रजी, बसणं आपलं. दोघं एकाच रंगमंचावर सुखाने नांदतात, आणि त्यांचं नातं आपल्याला वाटतं त्याहून जवळचं आहे.

(दृश्य: बाजार. सोनाराचं दुकान.)

सेट दिवसभर कानावर पडतो. सोनाराकडे लग्नाचा सेट. गोव्यात सोनाराला शेट म्हणतात, तो शब्द मात्र संस्कृतातल्या श्रेष्ठीपासून आलेला, अगदी वेगळ्या घराण्यातला. चहाचा सेट, टेनिसचा सेट, कंपासपेटीतले सेट स्क्वेअर. प्राध्यापक व्हायचं तर गोवा विद्यापीठाची सेट परीक्षा, पण ती तर नुसती आद्याक्षरं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला, काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद याच तीन अक्षरी इंग्रजी शब्दाची होती: एकट्या क्रियापदाचे ४३० च्या वर अर्थ, नोंदीची लांबी सुमारे ६०,००० शब्द. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं, त्याचे ६४५ अर्थ भरले.

एवढे अर्थ आले कुठून? एक कारण असं की हा मुळात एक शब्द नाहीच. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, 'सेटान'. वस्तूंचा किंवा माणसांचा संच या अर्थाचं नाम मुख्यतः जुन्या फ्रेंचमधून आलं, आणि त्याच्या मागे लॅटिनचा 'सेक्ता', म्हणजे एखाद्याच्या मागून चालणारी मंडळी. दोन प्रवाह मिळाले आणि उच्चारात एकजीव झाले.

(दृश्य: नाट्यमंडळाचा फलक. अध्यक्ष, सचिव, सभासद.)

आता मंडळाचा हा फलक बघा. 'सेटान'च्या मुळाशी जो प्राचीन धातू आहे, तोच संस्कृतात सद्, बसणे. सभासद म्हणजे सभेत बसणारा. संसद, परिषद, उपनिषद हीसुद्धा त्याचीच लेकरं. आणि 'सेक्ता'चा धातू संस्कृतात सच्, सोबत असणे. त्यातून सचिव. म्हणजे सेटची दोन्ही कुळं या एका फलकावर हजर आहेत. इंग्रजांनी संस्कृतातून शब्द उचलला असा याचा अर्थ मुळीच नाही. या भाषा बहिणी आहेत, माहेर एक.

पण मला सगळ्यात जास्त आनंद देते ती पुढची गोष्ट.

इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे, आणि 'सेट' म्हणजे मुळात बसवणे. शाळेत शिकलेलं प्रयोजक क्रियापद. इंग्रजीत मधला स्वर बदलला, आपण 'व' घातला. मग दोन्ही भाषा स्वतंत्रपणे एकाच वाटेने गेल्या. मोडलेलं हाड इंग्रज सेट करतो, आपण बसवतो. अंगठीतला खडा तो सेट करतो, आपण बसवतो. सापळा, गजर, आग इथे मात्र आपण वाट बदलतो आणि 'लावतो'. दही तिकडे सेट होतं, आपल्याकडे लागतं. सूर्य त्यांचा बसतो, आपला मावळतो. मांडवीवरच्या सनसेट क्रूझमध्ये बसून बघितला तरी मावळतोच.

(दृश्य: तालीम. हातात वह्या घेतलेले नट.)

आणि नाटक? नाटक आपण बसवतो, आणि या 'बसवण्या'ला इंग्रजीत तोडीचा शब्द मला सापडलेला नाही. दिवसभर नोकरी, दुकान, शेती करून माणसं रात्री तालमीला येतात. आधी वाचन, मग पाठांतर, मग कोण कुठून येणार आणि कुठे थांबणार. वाक्य जिभेवर बसतं, हालचाल अंगात बसते, एकाचं बोलणं संपतं तिथे दुसऱ्याचं नेमकं बसतं. एक दिवस दिग्दर्शक म्हणतो, "दुसरा अंक बसला." अशा वेळी तालमीत हजर राहिलेल्या कुणालाही विचारा, तो क्षण कसा असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रंगमंचावरच्या सेटला सेट म्हटल्याने मराठीचं काही बिघडत नाही. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत बक्षीस 'नेपथ्या'ला मिळतं, विंगेत सेट म्हणतात, दोन्ही हवेत. 'सेट लागला' म्हणताना आपण त्याला आपलं 'लागणं' जोडलंच आहे. पण हल्ली "नाटक सेट करतोय", "डॉक्टरांनी हाड सेट केलं" असं ऐकू येतं तेव्हा वाईट वाटतं. तिथे जागा रिकामी नव्हती.

उलट एक अर्थ आपण सेटला मोकळ्या मनाने बहाल केला आहे. "मुलगा लंडनला सेट झाला." इंग्रज इथे 'सेटल' म्हणेल. आपण शेवटचा ल गाळला आणि नोकरी, घर, कागदपत्रं सगळं त्या दोन अक्षरांत भरलं. गोव्यातल्या गावागावांत असा सेट झालेला एक तरी मुलगा आहे. जत्रेला तो रजा काढून येतो, आणि भूमिकाही त्याला हवीच असते. त्याच्या तालमी मग व्हिडिओ कॉलवर चालतात: इकडे रात्रीचे दहा, तिकडे संध्याकाळ, आणि दिग्दर्शक फोनसमोर उभा राहून त्याला दार कुठल्या बाजूला आहे ते दाखवतो.