कोंबडीला घाम येत नाही

मंडळी, वाळवंटी हवेत परसात चार कोंबड्या पाळायचं तुमच्या मनात आहे, याचा मला फार आनंद आहे. पण पक्षी घरी आणण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नसतात. वर पिसांची गोधडी पांघरलेली. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं आणि ते ४६-४७ अंशांवर गेलं की ती दगावते. म्हणजे जगणं आणि मरणं यांत पाच-सहा अंशांचंच अंतर.

मग अंगातली उष्णता ती टाकते कुठे? तुऱ्यातून, गळ्याखालच्या लोंबत्या लाल कातडीतून आणि उघड्या पायांतून. पण हे चालतं हवा तिच्या अंगापेक्षा थंड असेल तोवरच. भर दुपारी पारा ४२-४३ वर गेला की हवाच तिला तापवायला लागते. तेव्हा तिच्या हाती एकच उपाय उरतो, श्वासावाटे पाण्याची वाफ करणं. अशा दुपारी कोंबडीजवळ बसून नीट बघा. पंख अंगापासून सुटे धरलेले, चोच उघडी आणि गळ्याची कातडी इतकी भरभर थरथरते की नजर ठरत नाही. ती स्वतःला थंड करत असते, आणि त्यासाठी अंगातलं पाणी खर्ची घालत असते. हवा कोरडी असली की ही वाफ झटकन होते. दमट हवेतल्या ३८ अंशांपेक्षा कोरड्या हवेतले ३८ अंश तिला सोसतात. म्हणून वाळवंटात कोंबड्या जगणार नाहीत, हे म्हणणं मला मान्य नाही. पाणी असेल तर जगतात, चांगल्या जगतात.

एरवी अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. उन्हाळ्यात ते दुप्पट होतं, कधी त्याहूनही जास्त. पण भांडं भरलेलं असलं म्हणजे झालं, असं नाही. हे मी एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, गमावून शिकले. माझा पहिला उन्हाळा होता. भांडं सावलीत होतं, काठोकाठ भरलेलं होतं. पण भर दुपारी मी ते ज्या काळ्या नळीने भरलं, ती सकाळपासून उन्हात पडलेली होती. कोंबड्या भांड्याभोवती उभ्या होत्या. चोच बुडवायच्या आणि मान मागे घ्यायच्या. ते का, हे मला कळलं नाही. संध्याकाळी पाण्यात हात घातला तेव्हा पाणी अजून कढत होतं, आणि सगळ्यांत धाकटी तलंग कोपऱ्यात मान टाकून पडली होती. तिची आठवण आजही मला त्रास देते. तेव्हापासून नळीतलं पहिलं पाणी मी झाडाला सोडते, नळी सावलीत ठेवते आणि दुपारी दोनदा पाण्यात बोट घालून बघते. भांडी एकाऐवजी तीन ठेवा, एकमेकांपासून लांब. कोंबड्यांत कोण वरचढ आणि कोण दबलेलं हे ठरलेलं असतं. दबलेली कोंबडी वरचढ कोंबडी हटेपर्यंत तहानेली उभी राहते.

खुराडं बांधताना बहुतेक नवखे लोक थंडीचा विचार करून चारी बाजूंनी फळ्या ठोकतात. ती भट्टी होते. वाळवंटातली रात्र गार असते, तो गारवा आत खेळला पाहिजे. कोरड्या जागी दांडीवर बसलेल्या प्रौढ कोंबडीला तेवढी थंडी सहज सोसते. म्हणून भिंतींच्या जागी जाळी लावा, पण अर्ध्या इंचाच्या भोकांची, तारा एकमेकींना वेल्डिंगने पक्क्या जोडलेली. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोल्हा फाडतो आणि साप तिच्यातून आत येतो. छप्पर उंच, पांढरं रंगवलेलं; खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब बाजूंवर पडत नाही. झाडाची सावली मिळाली तर पत्र्याच्या सावलीपेक्षा केव्हाही बरी. नुसता पंखा लावणार असाल तर सांभाळून. हवा कोंबडीच्या अंगापेक्षा गरम असेल तर पंखा तिला भाजतोच. आधी सावलीतली जमीन भिजवा, मग वारा द्या. मात्र बंद खुराड्यात फवारे नकोत, तिथे ओल कोंडते.

लाकडाच्या फटी बुजवा. कोरड्या, उष्ण भागात कोंबड्यांची एक गोचीड असते. दिवसा ती फटीत लपते, रात्री दांडीवर चढून रक्त पिते आणि उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरते. दिवसा कोंबडी तपासून ती सहसा सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन दांड्यांच्या टोकांशी बघा.

खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, कारण पचनानेही अंग तापतं. सतत धाप लागली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, कवचाला लागणारं कॅल्शियम कमी पडतं आणि अंडी पातळ कवचाची येतात. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा त्या घेतात. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, तर ती भर उन्हाळ्यातही अंड्यांवरून उठायची नाही. तिला दिवसातून दोन-तीनदा उचलून पाण्यापाशी न्या.

जात निवडताना इजिप्तची फायुमी, लेगहॉर्न किंवा उघड्या मानेची कोंबडी घ्या. ब्रह्मा आणि कोचीन दिसतात देखण्या, पण एवढा पिसारा अशा हवेत लादणं मला क्रूर वाटतं. पिल्लं उन्हाळा सरल्यावर आणा. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी कमी. पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्या अंड्यावर आलेल्या असतात.

आणि तरीही एखादी दुपारी लडखडली, तुरा फिका पडला, मान टाकली, तर तिला लगेच सावलीत न्या आणि पाय व पोट गार पाण्यात धरा. बर्फाचं पाणी नको, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. पाणी पिसांच्या खाली कातडीपर्यंत पोचू द्या, डोकं वर ठेवा. शुद्धीवर आल्यावर चोचीच्या टोकाशी पाणी धरा, घशात ओतू नका. आणि ती आपल्या पायांनी चालत भांड्यापाशी जाईपर्यंत तिला बाकीच्यांत सोडू नका, त्या अशक्त कोंबडीला टोचतात.