कोऱ्या फिल्टरची नोंद

हवेतले कण टिपणारे फिल्टर आम्ही ज्या खोलीत तोलतो, तिथे पंखा नाही आणि खिडकीही उघडत नाही. तापमान २० ते २३ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ४० टक्के राखलेल्या या वजनखोलीत आमच्या ज्येष्ठ सहकारी, ज्यांना लहानथोर सगळेच ‘मॅडम’ म्हणत, त्यांनी आपल्या नोकरीची बहुतेक वर्षे काढली. हवेच्या गुणवत्तेचा अभ्यास त्यांच्या लेखी इथेच सुरू होत असे. आलेख आणि निर्देशांक नंतरचे.

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे कण, माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे. ते मोजण्यासाठी यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढते, म्हणजे २४ तासांत सुमारे २४ घनमीटर हवा ४७ मिलिमीटर व्यासाच्या एका टेफ्लॉन फिल्टरमधून जाते. घनमीटरमागे ३५ मायक्रोग्रॅम कण असतील, तर दिवसाअखेर फिल्टरवर जमा झालेले वजन ८४० मायक्रोग्रॅम भरते. पुरता एक मिलिग्रॅमही नाही. बोटाचा ठसा उमटला किंवा फिल्टरवर स्थिर विद्युतभार राहिला, तरी हा आकडा बिघडतो.

मॅडम फिल्टर उचलत तो चिमट्याने, केवळ कडेचे प्लास्टिकचे कडे धरून. विद्युतभार घालवणाऱ्या पट्टीजवळून तो सावकाश नेत, तराजूच्या काचेच्या कप्प्यात ठेवत आणि आकडा स्थिरावेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहत. त्यांना घाई करताना मी कधीही पाहिले नाही.

हवा मोजणाऱ्या केंद्रावर फिल्टर घेऊन जाणाऱ्या पेटीत त्या आवर्जून एक कोरा फिल्टर ठेवायला लावत. तो यंत्रात बसवायचा, हवा न ओढता काढायचा आणि परत आणून तोलायचा. त्याचे वजन वाढले असेल, तर वाढ हवेतल्या धुळीची नसून आपल्या हाताळणीची. एका हिवाळ्यात ही वाढ ३० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपुढे गेली. अहवालाची मुदत तोंडावर आली होती आणि बाकीचे आकडे अपेक्षेप्रमाणेच दिसत होते, म्हणून एका कोऱ्या फिल्टरसाठी सगळा आठवडा कशाला टाकायचा, असा वाद मी त्यांच्याशी घातला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आठवड्याच्या सर्व नोंदींपुढे ‘संशयास्पद’ असे लिहिले आणि मला पेटी तपासायला सांगितले. झाकणाची रबरी कड झिजलेली होती, आणि ती पेटी रोज हाताळणारा मीच होतो.

त्या आग्रहामागचे गणित मला पुढे उमगले. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस दाट धूरधुके साचले आणि हजारो माणसे दगावली. तिथे घात डोळ्यांना दिसत होता. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील सहा शहरांच्या अभ्यासात मात्र ८,००० हून अधिक प्रौढांचा १४ ते १६ वर्षे मागोवा घेतल्यावर, सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त असल्याचे हाती आले. असा फरक नजरेला जाणवत नाही, तो वर्षानुवर्षांच्या मोजमापांतूनच वर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने पीएम २.५ चे वार्षिक मार्गदर्शक मूल्य २०२१ मध्ये १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणले. इतक्या स्वच्छ हवेत दिवसभरात फिल्टरवर जेमतेम १२० मायक्रोग्रॅम जमतील, आणि त्यात ३० ची चूक म्हणजे चौथा हिस्सा. हवा सुधारत जाईल तसे मोजणे अवघड होत जाणार, हे मॅडमनी आमच्या फार आधी ओळखले होते.

मॅडम आता नाहीत. त्या गेल्या त्या आठवड्याच्या पेटीतही कोरा फिल्टर होता. त्याच्या वजनात ४ मायक्रोग्रॅमचा फरक आला आणि तो वहीत तसाच लिहिलेला आहे.