छताआडचा ड्रायव्हर

मे महिन्यातलं नागपूर. पारा ४५ च्या पुढे. धरमपेठेतल्या एका फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिशियन घोडीवर चढतो, फॉल्स सीलिंगमधला दिवा खाली ओढतो आणि त्याच्यामागची पांढरी डबी हातात घेतो. हाच एलईडीचा ड्रायव्हर.

दिवा गेला म्हणून आपण फेकतो, पण कित्येकदा चिप शाबूतच असते. गेलेला असतो ड्रायव्हर. घरातल्या २३० व्होल्ट एसीचं, म्हणजे उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या विजेचं, एलईडीला चालेल असं एकाच दिशेचं डीसी तो करतो. त्याच्या पोटातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, उष्णतेला फार लवकर हरतो: तापमान १० अंशांनी वाढलं, की आयुष्य साधारण निम्मं. वर तापलेला स्लॅब, खाली पीओपी, हवेला वाटच नाही.

म्हणून वॅट नंतर, आधी लेबलवरचं ‘टीए’ वाचा. भोवतालच्या किती तापमानापर्यंत हा ड्रायव्हर चालेल, ते तिथे लिहिलेलं असतं. ४० अंशांचा ड्रायव्हर नागपूरच्या छतात घालूच नये. शेजारी ‘टीसी’चा ठिपका दिसतो; डबी त्या जागी लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त तापता कामा नये.

डाउनलाइटला, म्हणजे छतात बसवलेल्या दिव्याला, ठरावीक करंटचा ड्रायव्हर लागतो, एलईडीच्या पट्टीला, म्हणजे स्ट्रिपला, १२ किंवा २४ व्होल्टचा. मीटरला १४ वॅटची ५ मीटर स्ट्रिप म्हणजे ७० वॅट. तिला १०० वॅटचा द्या, तो निवांत चालेल.

खरी गफलत डिमरपाशी, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणापाशी होते. बल्बसाठी बसवलेलं जुनं रेग्युलेटरचं बटण विजेची लहर कापतं. साध्या ड्रायव्हरला ती कापलेली लहर पचत नाही; दिवा लुकलुकतो, गुणगुणतो. शिवाय अशा डिमरला किमान लोड लागतो, आणि ७ वॅटचे दोन-तीन दिवे तो भरून काढत नाहीत. तेव्हा डिमेबल ड्रायव्हर आणि त्याला जुळणारा डिमर एकत्रच निवडा. घरासाठी लहरीची मागची कड कापणारा डिमर बरा, आवाज कमी करतो. मोठ्या हॉलला डाली (DALI) ही दिव्यांच्या डिजिटल कंट्रोलची पद्धत घ्या: एका लाइनवर ड्रायव्हरांचे ६४ पत्ते, प्रत्येक दिवा वेगळा सांभाळता येतो. पण डाली असो की १-१० व्होल्टच्या सिग्नलने उजेड बदलणारी पद्धत, कंट्रोलच्या दोन वायरी जास्तीच्या लागतात. त्या पीओपी बंद होण्याआधीच ओढून ठेवा.

नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) खरेदीला गेलात, तर दिवा, ड्रायव्हर आणि डिमर दुकानातच जोडून घ्या. उजेड हळूहळू अगदी तळाला न्या आणि मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले, म्हणजे दिवा लुकलुकतोय, तर दुसरी जोडी मागा.