पाळकांनाही सोबती हवेत

श्रोतेहो, नमस्कार.

चर्चच्या मंडळीत कुणाच्या घरी मृत्यू झाला की पहिला फोन पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना जातो. नवरा-बायकोत बिनसलं, मुलाची नोकरी गेली, ऑपरेशनची तारीख ठरली, तरी त्यांनाच कळवलं जातं. सकाळी अंत्यविधी, दुपारी रुग्णभेट, संध्याकाळी लग्नाची उपासना असे दिवसही येतात. रडणाऱ्यांबरोबर रडायचं आणि काही तासांत आनंद करणाऱ्यांबरोबर आनंदही करायचा. हे वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि काळजीही वाटते. सगळ्या मंडळीची विचारपूस करणाऱ्या या माणसाची विचारपूस कोण करतं?

माझं म्हणणं असं की ती दुसऱ्या पाळकांनी करावी. ठरवून, नियमितपणे. आणि मंडळीनं या भेटींना पाळकीय कामाचाच भाग समजावं.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायातला प्रसंग पुष्कळांना ठाऊक असेल. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसला आहे आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे आहेत. त्याचा सासरा इथ्रो हे पाहतो आणि म्हणतो, तू करतोस हे ठीक नाही, यात तूही झिजशील आणि लोकही. यातून आपण कामं वाटून देण्याचा धडा घेतो, तो बरोबरच आहे. पण हे मोशेला कुणी सांगितलं, याकडे फारसं लक्ष जात नाही. त्या गर्दीतल्या कुणी सांगितल्याचं लिहिलेलं नाही. प्रत्येकाला त्याच्याकडून निवाडा हवा होता, ते तरी कसे सांगणार? सांगितलं मिद्यानाच्या याजकानं. याजकपणाचं काम काय असतं हे स्वतः जाणणारा, पण मोशेच्या लोकांपैकी नसलेला माणूस. त्यानं आधी काम पाहिलं, मग प्रश्न विचारला, आणि नंतर सल्ला दिला. पाळकांच्या सोबतीविषयी मला जे म्हणायचं आहे, ते बहुतेक सगळं या प्रसंगात आहे.

आपल्या मंडळीतल्या माणसाशी पाळकाला सगळं बोलता येत नाही. विश्वासानं कुणी सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घालायची नसते. कार्यकारी समितीतल्या एखाद्याशी वाद झाला, तर त्याबद्दल बोलायचं कुणाशी? जोडीदाराशी बोलावं, तर तोच ताण त्या घरातही मुक्कामाला येतो. पाळकांच्या पत्नीला किंवा पतीला पुढच्या रविवारी त्याच माणसांमध्ये बसायचं असतं. वरिष्ठांशी बोलावं, तर बदली आणि बढती त्यांच्याच हातात. मग 'कसे आहात?' या प्रश्नाला 'प्रभूच्या कृपेनं बरं आहे' हे ठरलेलं उत्तर येतं. कृपा खरी असते. पण कधीकधी 'बरं' खरं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेचं वर्णन केलं आहे: शक्ती संपून जाणं, कामापासून मन दूर जाणं किंवा त्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पाळकाच्या बाबतीत यातली दुसरी खूण फार क्लेश देते. समोर आई हंबरडा फोडते आहे आणि आपल्या आत काहीच हलत नाही, हे जाणवलं की तो स्वतःलाच दोषी ठरवतो. आपला विश्वास कमी पडला असं समजतो आणि आणखी गप्प होतो.

चार्ल्स स्पर्जन हे 19 व्या शतकातले लंडनचे विख्यात उपदेशक. 1856 मध्ये त्यांच्या सभेत 'आग, आग' अशी खोटी आरोळी उठली आणि चेंगराचेंगरीत सात माणसं दगावली. स्पर्जन तेव्हा अवघे 22 वर्षांचे होते. खिन्नतेनं त्यांना पुढे आयुष्यभर गाठलं. पाळकपणाचं शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसमोर ते या खिन्नतेविषयी उघडपणे बोलले. हे मला त्यांच्या गाजलेल्या उपदेशांइतकंच मोठं काम वाटतं. त्या तरुणांना पुढे कधी अंधारून आलं असेल, तेव्हा आपले गुरुजीही या वाटेनं गेले होते, एवढं तरी त्यांना ठाऊक असेल.

अशा सोबतीला रूप कसं द्यावं? लंडनमध्येच 1783 साली पाळक आणि गीतकार जॉन न्यूटन आणि त्यांच्या काही मित्रांनी एक लहानसं मंडळ सुरू केलं होतं. एकाआड एक सोमवारी भेटायचं, आधी चहा, मग छोटी प्रार्थना, आणि नंतर सुमारे तीन तास ठरलेल्या एका विषयावर बोलणं. वेगवेगळ्या पंथांच्या सेवकांना त्यात जागा होती. मला यात मोलाची वाटते ती वेळेची मुबलकता. तासाभराच्या बैठकीत माणूस अहवाल देतो. मनातलं ओठांवर यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

गट लहान असावा, पाच-सहा जणांचा. एकमेकांच्या बदलीवर किंवा पगारावर ज्यांचा अधिकार चालतो, त्यांनी एका गटात बसू नये. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत ठरवावं. मात्र कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अन्याय होत असेल, तर गप्प बसायचं नाही, हेही त्याच दिवशी ठरवावं. रविवारची उपस्थिती, नवं बांधकाम, अर्पणाची रक्कम हे विषय दाराबाहेर ठेवावेत, कारण त्यातून तुलना सुरू होते आणि तुलना सुरू झाली की माणसं पुन्हा मुखवटे चढवतात. पाळक भगिनींना अनेकदा पुरुषांच्याच गटात एकटं बसावं लागतं. त्यांना हवा असेल तर त्यांचा वेगळा गट व्हावा. प्रत्येकाला बोलायला पुरता वेळ मिळावा आणि बाकीच्यांनी उपदेश करण्याची घाई करू नये. हा नियम पाळणं पाळकांना सर्वांत अवघड जातं, कारण उत्तर देणं हा त्यांच्या हातचाच मळ झालेला असतो.

गटाला मर्यादाही आहेत. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सोबत्यांनी प्रार्थना करावीच, आणि त्या भावाला किंवा बहिणीला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जावं. बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात एलीया मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला आधी भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, परत खायला उठवतो. कामाचं बोलणं नंतर निघतं. 'मी एकटाच उरलो' म्हणणाऱ्या त्या संदेष्ट्याला पुढे अलीशा हा सोबती मिळतो.

मंडळीच्या सभासदांना माझी विनंती आहे. तुमच्या पाळकांना महिन्यातला एक दिवस या भेटीसाठी मोकळा द्या. प्रवासखर्च अंदाजपत्रकात धरा. त्या दिवशी तातडीचे फोन कोण घेईल हे वडीलमंडळींनी आधीच ठरवावं. आणि पाळक परत आले की तिथं काय बोलणं झालं, हे त्यांना विचारू नका. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय कुणीतरी मांडावा लागेल. पाळक स्वतः तो बहुधा मांडणार नाहीत.