अंड्यातला गर्भ आणि मोबाइलच्या लहरी

मराठीत आपण ‘रेडिएशन’ला सरसकट ‘किरणोत्सर्ग’ म्हणतो आणि निम्मी भीती तिथेच जन्माला येते. किरणोत्सर्ग रेडियमसारख्या पदार्थातून होतो. तो अणूतले इलेक्ट्रॉन उडवतो, डीएनएचे धागे तोडतो. इलेक्ट्रॉन सुटायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा लागते. मोबाइलमध्ये असतात तशा १ गिगाहर्ट्झच्या लहरीतल्या एका फोटॉनजवळ, म्हणजे ऊर्जेच्या सर्वांत छोट्या पुडक्याजवळ, ती असते जेमतेम ०.०००००४. या लहरींनी धागा तुटत नाही. पण ऊती तापू शकतात, आणि गर्भ उष्णतेला फार हळवा असतो. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते. त्या दिवसांत आईला जोराचा ताप आला, तर ती उघडी राहण्याचा धोका वाढतो. म्हणून मोबाइलच्या लहरींनी गर्भाला इजा होते का, हा विषय मी झटकून टाकत नाही.

कोंबडीचा गर्भ आम्हा भ्रूणशास्त्र शिकवणाऱ्यांचा जुना सोबती. २१ दिवसांत पिल्लू बाहेर. दुसऱ्याच दिवशी हृदय धडधडू लागतं, आणि कवचाला छोटी खिडकी पाडली की ते डोळ्यांनी दिसतं! हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या भ्रूणशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये या वाढीचे ४६ टप्पे ठरवून दिले. कोणता गर्भ मागे पडला, हे आजही त्यांवरूनच सांगतात. साहजिकच मोबाइलचे प्रयोगही याच गर्भावर झाले. उबवणयंत्रात अंड्यांच्या मधोमध फोन ठेवायचा, त्यावर पुन्हा पुन्हा कॉल लावायचा, मग गर्भ तपासायचे. कुठे वाढ खुंटलेली दिसली, कुठे गर्भ दगावले, कुठे काहीच फरक पडला नाही.

अशा प्रयोगाचा शोधनिबंध हाती आला की मी आधी अंड्याच्या तापमानाची नोंद शोधते. उबवणयंत्र साधारण ३७.५ अंशांवर चालतं. एक-दोन अंश वाढले आणि तसेच राहिले, तरी गर्भाची घडण बिघडू शकते. चालू फोन स्वतःच गरम होतो. मग नुकसान लहरींनी केलं की त्या उबेनं? हे कळायला तितकाच गरम, पण लहरी न सोडणारा फोन दुसऱ्या अंड्यांजवळ ठेवावा लागतो. शिवाय रेंज चांगली असली की फोन ताकद कमी लावतो, त्यामुळे ‘इतकी मिनिटं कॉल’ ही मात्रा होत नाही. मात्रा म्हणजे किलोभर ऊतीनं किती वॅट शोषले, ते.

आणि अंडं म्हणजे गर्भाशय नव्हे. अंड्यात फोन आणि गर्भ यांच्यामध्ये पातळ कवच आणि थोडा बलक-पांढरा. बाईच्या पोटात आधी त्वचा, चरबी, स्नायू. लहरींची बरीचशी ऊर्जा त्यांतच जिरते. आईचं वाहतं रक्त उष्णता सतत काढूनही नेतं.

एका विद्यार्थिनीचा गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला. ती रडत म्हणाली, “बाई, मी फोन उशाशी घेऊन झोपायचे, त्यानं झालं का?” मी तिला जवळ बसवून सांगितलं, अंड्यांच्या त्या प्रयोगांतून तुझ्यावर असा आरोप निघत नाही. सुरुवातीला जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. ती चूक बहुतेकदा बीज तयार होतानाच झालेली असते.