सरकारी वकिलाचा शेवटचा युक्तिवाद

(दृश्य: कोल्हापुरातला कसबा बावडा, जिल्हा न्यायालय. जिन्यावर आणि बोळात गर्दी.)

खुनाचा खटला. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, आरोपीचा जबाबही नोंदवून झाला. आज अंतिम युक्तिवाद. खटला गाजलेला असला की खोलीत पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला मयताची भावकी, दुसऱ्या बाजूला आरोपीची. आधी उभे राहतात सरकारी वकील.

(दृश्य: फाईलचं एक पान, जवळून. कोपऱ्यात निशाणीचा आकडा.)

पंचनामा असो वा शवविच्छेदनाचा अहवाल, कोर्टापुढे शाबीत झाला की त्याला निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, मिळते. युक्तिवाद उभा राहायचा तो या कागदांवर आणि शपथेवरच्या साक्षींवर. "याने पोलिसांपुढं सगळं कबूल केलंय," असं सरकारी वकिलाला म्हणता येत नाही, कारण पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध शाबीतच करता येत नाही. "माझी स्वतःची खात्री आहे," हेही चालत नाही. वकिलाची खात्री हा पुरावा नव्हे.

सगळ्यात घातक वाक्य मात्र साधं वाटतं: "निर्दोष होता, तर पिंजऱ्यात येऊन शपथेवर का नाही सांगितलं?" ऐकणाऱ्याला लगेच पटतं. पण आरोपीने स्वतः साक्ष दिली नाही, यावर कोणत्याही पक्षाने, अगदी कोर्टानेही, भाष्य करायचं नाही, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याचं, कलम 353 सांगतं. गुन्हा शाबीत करायची जबाबदारी सरकार पक्षाची. आरोपीच्या गप्प राहण्याने ती हलकी होत नाही.

1999 साली शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की काहीही करून शिक्षा घडवण्याची हाव सरकारी वकिलाला नसावी. आरोपीच्या हक्काची एखादी बाब त्याच्या वकिलाच्या नजरेतून सुटली आणि सरकारी वकिलाला ती ठाऊक असेल, तर त्यानेच ती कोर्टापुढे मांडायची.

अमेरिकेत सरकारी वकिलाच्या अशा अवाजवी बोलण्यावरून शिक्षा रद्द झाल्या आहेत. 1935 चा बर्गर खटला त्यातलाच. तिथे समोर ज्युरी, म्हणजे निवाडा देणारे सामान्य नागरिक, असते आणि शब्द न् शब्द टिपला जातो. आपल्याकडे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. म्हणून काहीजण म्हणतात, न्यायाधीश जाणकार असतात, चार शब्द जास्त गेले तर काय बिघडलं?

हे मला पटत नाही. ते चार शब्द भरल्या खोलीत आरोपीच्या आईसमोर, त्याच्या गाववाल्यांसमोर बोलले जातात. उद्या तो सुटला, तरी गाव त्याला त्याच शब्दांनी ओळखणार. आणि तोंडी युक्तिवाद आपल्याकडे सहसा शब्दशः उतरवून घेत नाहीत. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, येतं ते एवढंच, की युक्तिवाद ऐकला.

(दृश्य: भाऊसिंगजी रोड, सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी न्यायालयाची इमारत.)

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) इथं बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या अपिलांसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. पण बावड्यातून इथवर येतात ते फक्त कागद. म्हणून बचावाच्या वकिलाने हरकत तिथल्या तिथे घ्यायला हवी, ती रोजनाम्यात नोंदवून मागायला हवी, आणि लेखी युक्तिवादात सरकारी वकिलाचं ते वाक्य जसंच्या तसं लिहून कोर्टात दाखल करायला हवं.